प्रापंचिकांचे सुवार्ताकार्य

कॅथलिक चर्चमधील प्रापंचिकांनी, म्हणजे धर्मगुरू किंवा व्रतस्थ नसलेल्या स्त्रीपुरुषांनी, संसार, नोकरी आणि शेजारधर्म सांभाळत असताना येशू ख्रिस्तावरील आपल्या श्रद्धेची ओळख इतरांना करून देणे, याला प्रापंचिकांचे सुवार्ताकार्य म्हणतात. ‘सुवार्ता’ म्हणजे शुभवर्तमान. चर्चमधले प्रवचन किंवा दूरदेशी गेलेल्या मिशनऱ्याचे काम यांहून हे वेगळे आहे. ते घराच्या ओट्यावर, लोकलच्या डब्यात, रुग्णालयातल्या खाटेशेजारी, दोन माणसांच्या बोलण्यातून घडते आणि बहुधा ते करणाऱ्यालाही आपण काही ‘कार्य’ करत आहोत याची जाणीव नसते.

सुवार्ता सांगण्याचा हा अधिकार धर्मगुरूंनी सोपवलेला नसून बाप्तिस्म्यातूनच, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेतूनच मिळतो, ही भूमिका जगभरातील बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) स्पष्टपणे मांडली. त्याआधी प्रापंचिकांकडे धर्मगुरूंचे मदतनीस म्हणून पाहण्याची सवय रूढ होती. परिषदेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र दस्तऐवज काढला आणि १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेतील कलम २११ ने सुवार्ता सर्वांपर्यंत पोहोचवणे हे प्रत्येक श्रद्धावंताचे कर्तव्य आणि हक्क दोन्ही ठरवले. मात्र शब्दांआधी जगणे यावे, असा आग्रह पुढच्या पोपांच्या लेखनात सतत दिसतो. आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचे अधिक ऐकतो, आणि शिक्षकांचे ऐकलेच तर ते साक्षीदार असतात म्हणून ऐकतो, असे पोप सहावे पॉल यांनी १९७५ मध्ये लिहिले. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये दोन व्यक्तींमधल्या संभाषणाचा क्रमच सांगितला: आधी समोरच्याला आपले आनंद, आशा आणि काळज्या बोलू द्याव्यात, देवाच्या वचनाचा उल्लेख त्यानंतर करावा, आणि प्रसंग तसा असेल तर शेवटी एखादी छोटी प्रार्थना करावी. या क्रमाचे मूळ बायबलच्या नव्या करारातच आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) ख्रिस्ती माणसाने आपल्या आशेचे कारण सांगायला नेहमी तयार असावे असे म्हटले आहे. पण ते विचारणाऱ्याला सांगायचे आहे, आणि तेही सौम्यतेने व आदराने. प्रश्न समोरच्याकडून यायचा असतो, ही गोष्ट या विषयाच्या गाभ्याशी आहे.

भारतातील याचे सर्वांत बोलके उदाहरण त्रावणकोरचे आहे. १७४१ मधील कोळच्चलच्या लढाईत डच कंपनीचा अधिकारी युस्टेशियस डी लॅनॉय राजा मार्तंड वर्मा यांच्या हाती सापडला आणि पुढे त्यांच्याच सैन्याचा शिक्षक व सेनानी झाला. तो कॅथलिक होता. राजदरबाराच्या सेवेत असलेले नीळकंठ पिळ्ळै हे त्याचे सहकारी. घरावर आलेल्या आपत्तींनी आणि झालेल्या नुकसानीने पिळ्ळै खचले होते. डी लॅनॉय याने त्यांची विचारपूस केली आणि बायबलमधील ईयोबाची कथा सांगितली, असे परंपरा सांगते. निर्दोष असूनही सर्वस्व गमावलेल्या आणि तरीही देवाला न सोडलेल्या माणसाची ही कथा ऐकून पिळ्ळै प्रश्न विचारू लागले. १७४५ मध्ये वडक्कनकुळम येथे एका जेझुइट धर्मगुरूकडून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लाजरस या नावाचा तमिळ अनुवाद म्हणून त्यांना देवसहायम हे नाव मिळाले. जातिभेद न मानता सर्व माणसे समान आहेत असे ते सांगत राहिले. १७४९ मध्ये त्यांना अटक झाली, अनन्वित छळ झाला आणि १७५२ मध्ये आरलवायमोळीजवळच्या डोंगरावर गोळ्या घालून मारण्यात आले. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. भारतीय प्रापंचिकाला मिळालेले हे पहिलेच संतपद होय. या कथेत बाप्तिस्मा धर्मगुरूने दिला हे खरे, पण श्रद्धेचे बी पडले ते एका सैनिकाने दुःखी सहकाऱ्याजवळ बसून केलेल्या गप्पांत.

महाराष्ट्रात याच संदर्भात वसईच्या गोन्सालो गार्सिया यांचे नाव घेतले जाते. सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत जन्मलेले गोन्सालो तरुणपणी जपानमध्ये धर्मशिक्षक होते, नंतर त्यांनी व्यापार केला आणि पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात व्रतबंधू झाले. व्रतबंधू झाल्यावर ते प्रापंचिक राहिले नाहीत, पण धर्मगुरूही कधीच नव्हते. जपानी भाषा अवगत असल्याने सहकारी धर्मगुरूंचे दुभाषे म्हणून त्यांचा मोठा उपयोग झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर चढवून मारण्यात आले, त्यांत ते होते. १८६२ मध्ये या सर्वांना संतपद मिळाले.

भाषा हा या कार्याचा मोठा आधार आहे. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) मराठी ओवीत रचले, कारण नवख्रिस्ती कुटुंबांना आपल्याच कानावळणी पडेल असे काही हवे होते. व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागल्यावर वसईच्या आजीला नातवंडांना प्रार्थनेचा अर्थ सांगणे सोपे झाले, आणि हिंदू शेजाऱ्याला लग्नाच्या किंवा अंत्यविधीच्या मिस्सेत काय चालले आहे ते समजू लागले. अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने हेच काम व्यापक मराठी वाचकवर्गासाठी केले.

दैनंदिन व्यवहारात या साक्षीची रूपे साधी असतात. संध्याकाळी घरात म्हटली जाणारी जपमाळ, गावच्या कुरसाजवळची (क्रुसाजवळची) प्रार्थना, आजाऱ्याच्या घरी जाऊन बसणे, नाताळचा फराळ शेजाऱ्यांकडे पोहोचवणे आणि दिवाळीचा आनंदाने स्वीकारणे, कार्यालयात लाच न घेणे. फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेला संत व्हिन्सेंट डी पॉल संघ आणि १९२१ मध्ये डब्लिन येथे स्थापन झालेली लिजन ऑफ मेरी या प्रापंचिकांच्या संघटना घरभेटींवरच उभ्या आहेत. मुंबईत माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी चालणाऱ्या नोव्हेना या विशेष प्रार्थनेला सर्व धर्मांचे लोक येतात. त्यांतले अनेकजण पहिल्यांदा एखाद्या कॅथलिक मित्राबरोबर आलेले असतात, आणि तिथे त्यांना कोणी धर्म विचारत नाही.

इथेच या कार्याची मर्यादाही ठरते. श्रद्धा स्वीकारण्यासाठी कोणावरही बळजबरी करता येत नाही, हे धर्मसंहितेच्या कलम ७४८ मध्ये नमूद आहे, आणि परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याला मानवी प्रतिष्ठेचा भाग मानले. चर्चचा स्वतःचा इतिहास या कसोटीला नेहमी उतरलेला नाही. गोव्यातील इन्क्विझिशन म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय (१५६०–१८१२) आणि पोर्तुगीज सत्तेचा धर्मप्रसारासाठी झालेला वापर ही त्याची वेदनादायक उदाहरणे आहेत. सत्याच्या नावाखाली झालेल्या हिंसेबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी देवाची क्षमा मागितली. भारतीय संविधानाचे अनुच्छेद २५ धर्माचा प्रसार करण्याचा हक्क देते. मात्र दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. मदतीच्या बदल्यात श्रद्धेची अपेक्षा ठेवणे हे चर्चच्या शिकवणीनुसारही सुवार्ताकार्य ठरत नाही, कारण तसे केल्यास दिलेल्या मदतीतले प्रेमच खोटे पडते.

कोणी आपण होऊन कॅथलिक होण्याची इच्छा व्यक्त केली, तर त्याला लगेच बाप्तिस्मा दिला जात नाही. १९७२ मध्ये नव्याने सिद्ध केलेल्या प्रौढ दीक्षाविधीनुसार त्याला टप्प्याटप्प्याने शिक्षण दिले जाते, त्याच्या हेतूची खात्री केली जाते आणि शक्यतो ईस्टरच्या पूर्वरात्री, पास्काच्या जागरणविधीत, त्याचा बाप्तिस्मा होतो. या काळात एक प्रापंचिक त्याचा सोबती म्हणून नेमलेला असतो. तो त्याच्याबरोबर प्रार्थनेला बसतो, त्याच्या शंका ऐकतो, चर्चपुढे त्याच्याविषयी साक्ष देतो आणि विधीच्या रात्री त्याच्या पाठीशी उभा राहतो. बरेचदा ज्याला पहिला प्रश्न विचारला गेला होता, तोच हा माणूस असतो.