जैविक घड्याळ आणि शेतीचा दिनक्रम (विदर्भ)

झोपेची आणि जागेपणाची शरीराची जी मूळ लय असते, तिच्या चालीने दिवसाची कामे लावणे म्हणजे जैविक घड्याळानुसार दिनक्रम. विदर्भातल्या खेड्यांत याला वेगळे नाव नाही. ऊन चढायच्या आत वखर सोडायचा, एवढे सगळ्यांना ठाऊक असते.

हे घड्याळ मेंदूतल्या पेशींच्या एका बारक्या पुंजक्यात असते. उजेड मिळाला नाही तर बहुतेक माणसांत त्याची फेरी २४ तासांहून किंचित लांबते. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की ते रोज पुन्हा जुळते. अंधारात मेलाटोनिन हे झोपेची वेळ झाल्याचे सांगणारे संप्रेरक स्रवू लागते, अंग निवते आणि उत्तररात्री शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते. पेशींतली ही यंत्रणा फळमाशीत उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले.

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची. नागपुरात सूर्य तिच्या मानाने सरासरी चौदा मिनिटे, तर बुलढाण्यात सुमारे पंचवीस मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. ‘दिवस कासराभर वर आला’ असे सांगणारा म्हातारा म्हणून मनगटी घड्याळापेक्षा शरीराच्या घड्याळाला जवळचा.

उन्हाळ्यात, विशेषतः नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो. झुंजूमुंजू होताच बैल जुंपले जातात आणि दहा-साडेदहाला जू उतरते. जेवण झाले की निंबाखाली बाज. दुपारी एक ते तीनच्या सुमारास गुंगी येते ती फक्त भाकरीमुळे नव्हे. लयीतच तिथे एक उतार आहे. वीस-तीस मिनिटांची डुलकी पुरते. तासन्‌तास झोपले तर रात्री अंगणात चांदण्या मोजत पडावे लागते. दुपारच्या या विसाव्यात घरची बाई मात्र सहसा धरलेली नसते.

सगळ्यांची लय सारखी नसते. पौगंडात ती उशिराकडे सरकते, म्हणून दहावीतल्या पोराला पहाटे चारला अभ्यासाला उठवणे फारसे फळत नाही. ‘दिवस डोक्यावर आला तरी लोळतो’ हा ठपका पुष्कळदा वयाचा असतो, आळसाचा नव्हे.

खरी ओढाताण रब्बीत होते. कृषिपंपांना वीज पाळीपाळीने, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री मिळत आली आहे. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, पण ज्याच्या फीडरला (वीजवाहिनीला) रात्रपाळी लागते त्याला हरभऱ्याचे ओलीत रात्रीच करावे लागते. तुषार सिंचनाचे पाईप दर दोन-तीन तासांनी बदलायचे, म्हणजे झोपेचेही तेवढेच तुकडे. टॉर्च, काठी, गमबूट घेऊन थंडीत चिखल तुडवायचा, तोही शरीर सर्वांत सुस्त असते त्या घटकेला. साप-विंचवाचे भय वेगळेच. रानडुकरांसाठी जागल करणाऱ्याची गतही तीच.

अशा पाळीत लय पुरती उलटत नाही, कारण चार दिवसांनी पाळी पुन्हा फिरते. संध्याकाळी तास-दीड तास आधीच झोपून घ्यावे, उत्तररात्रीचा चहा टाळावा आणि घरी येताना सकाळचे ऊन थेट डोळ्यांवर घेऊ नये. दुपट्टा कपाळावर ओढून यावे. आतल्या खोलीत, खिडकीला गोणपाट लावून झोपावे. मोटारसायकलवर असाल तर डोळे जड झाल्याबरोबर धुऱ्यावरच थांबावे.