किशोरवयीन गर्भधारणा प्रतिबंधासाठीचे शासकीय अनुदान (खानदेश)

दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलींवर अकाली आईपण येऊ नये म्हणून केंद्र सरकार, राज्य सरकार आणि स्थानिक स्वराज्य संस्था जो पैसा खर्च करतात, त्याला ढोबळमानाने हे नाव देता येते. भारतात या नावाची एक स्वतंत्र योजना नाही. आरोग्य, महिला व बालविकास, शिक्षण, आदिवासी विकास आणि ग्रामविकास अशा वेगवेगळ्या खात्यांच्या योजनांतून हा पैसा जिल्ह्यात येतो आणि त्यातला बराचसा दुसऱ्याच नावाने खर्ची पडतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशातील तीन जिल्ह्यांत किशोरवयातील बाळंतपण बहुतेक वेळा लग्नानंतरचे असते. त्यामुळे इथे गर्भधारणा लांबवायची तर आधी लग्न लांबवावे लागते, आणि या अनुदानाचा विचारही तिथूनच सुरू करावा लागतो.

प्रश्नाचे स्वरूप

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे दिसले. १५ ते १९ वयोगटातील ७.६ टक्के मुली पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. देशाची सरासरी ६.८ टक्के होती, म्हणजे पुढारलेले म्हणवणारे राज्य या बाबतीत मागे आहे. धुळे जिल्ह्यात अठराच्या आतील लग्नांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास निघाले. राज्यात याहून वाईट आकडे परभणी, बीड अशा मोजक्याच जिल्ह्यांचे आहेत.

मुंबई उच्च न्यायालयात आदिवासी भागातील कुपोषणावर चाललेल्या जनहित याचिकेत २०२२ मध्ये राज्य शासनाने माहिती सादर केली. सोळा आदिवासीबहुल जिल्ह्यांत तीन वर्षांत १५,२५३ बालविवाह झाले आणि १,५४१ रोखता आले. याच काळात ६,५८२ बालके कुपोषणाने दगावली व त्यांपैकी ६०१ बालकांच्या आया स्वतःच अल्पवयीन होत्या. नंदुरबारचे नाव त्या यादीत ठळक होते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलीचे स्वतःचे शरीर वाढतच असते. त्यात रक्त कमी, सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची भर, आणि पोटात दुसरा जीव. अशा मुलीचे बाळ पुष्कळदा अडीच किलोच्या खाली जन्मते, आणि पुढे त्याच गावच्या कुपोषणाच्या यादीत त्याचे नाव लागते.

कारणे सगळीकडे सारखी नाहीत. तापीकाठच्या केळी-कापसाच्या गावांत ‘पोर उजवून टाकली की सुटलो’ ही धास्ती असते. दहावीनंतरचे कॉलेज तालुक्याला असते आणि वाटेत काही झाले तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असे बाप बोलून दाखवतो. साक्री, नवापूर, चाळीसगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा हिशेब वेगळा असतो. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. मुलाचे लग्न लागले की घरात एक कोयता वाढतो. वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, हाही प्रश्न असतोच. धडगाव, अक्कलकुवा, चोपडा, यावल या पट्ट्यातील भिल्ल आणि पावरा समाजांत मुलगा-मुलगी आपल्या पसंतीने एकत्र राहू लागतात आणि देज (वधूमूल्य) ठरवणे व लग्न लावणे नंतर होते. इथे आईबापांनी मुलीला बळजबरीने बोहल्यावर चढवलेले नसते. म्हणून मैदानी गावातले भिंतीवरचे घोषवाक्य उचलून डोंगरातल्या पाड्यावर रंगवले तर त्याचा काही उपयोग होत नाही.

पैसा कसा येतो

सर्वांत मोठा आणि सरळ मार्ग राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा. जिल्हा आपला आराखडा राज्याला देतो, राज्य ते एकत्र करून केंद्राला पाठवते, याला कार्यालयात ‘पीआयपी’ म्हणतात. केंद्राने मंजूर केलेल्या बाबींची यादी परत येते ती ‘आरओपी’. खर्चाचा वाटा केंद्राचा ६० आणि राज्याचा ४० टक्के. यादीत जी ओळ नाही तिच्यावर एक रुपयाही खर्च करता येत नाही, आणि जी ओळ आहे तिचे उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेले नाही तर पुढचा हप्ता अडतो.

याच अभियानात ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, हिंसा, व्यसन आणि असंसर्गजन्य आजार असे त्याचे सहा विषय आहेत. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतील किशोरांसाठीचे समुपदेशन केंद्र महाराष्ट्रात ‘मैत्री क्लिनिक’ म्हणून ओळखले जाते. गावात आशाताईच्या हाताखाली दोन मुले व दोन मुली ‘साथिया’ म्हणून निवडायच्या, त्यांनी आपल्या वयाच्या मुलामुलींशी बोलायचे, अशी रचना आहे. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला एक निळी लोहगोळीही याच छत्राखाली मिळते. गोळी पोटात जाते, पण बोलणे मागे पडते. २००७ मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षणावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला आणि तो कार्यक्रम राज्याने थांबवला. तेव्हापासून हा विषय वर्गात ‘जीवनकौशल्ये’ अशा आडवळणाच्या नावानेच येतो. पाळी कशी येते इथवर सांगितले जाते, गर्भ कसा राहतो आणि तो कसा टाळता येतो याची वेळ आली की तास संपलेला असतो. अनुदानातला पैसा नेमका या अडचणीच्या अर्ध्या तासासाठी हवा होता, असे या नोंदकर्त्याला वाटते.

दुसरा मार्ग महिला व बालविकास खात्याचा. किशोरींसाठीची केंद्राची योजना आधी शाळाबाह्य ११ ते १४ वयाच्या मुलींसाठी होती. पोषण २.० या केंद्राच्या नव्या पोषण कार्यक्रमात ती बदलली आणि आता ती आकांक्षित जिल्ह्यांतील (केंद्राने मागास म्हणून निवडलेल्या) व ईशान्येकडील राज्यांतील १४ ते १८ वयाच्या मुलींपुरती आहे. मुलीला वर्षातून ३०० दिवस, रोज ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळतील इतका आहार, त्याबरोबर आरोग्य तपासणी आणि शाळेत परत जाण्यासाठी मदत, असे तिचे स्वरूप आहे. नंदुरबार आकांक्षित जिल्हा आहे, धुळे आणि जळगाव नाहीत. त्यामुळे शहादा तालुक्याच्या डोंगरातील पावरा मुलीला जे मिळते, ते शेजारच्या शिरपूर तालुक्यातल्या तिच्या मामेबहिणीला मिळत नाही. डोंगर तोच, भाषा तीच, वय तेच. मध्ये फक्त जिल्ह्याची हद्द येते.

आशाताईला मिळणाऱ्या मोबदल्यातही प्रतिबंधाचा एक धागा आहे. नवविवाहित जोडप्याने लग्नानंतर दोन वर्षे पाळणा लांबवला तर तिला ५०० रुपये आणि पुढे पहिल्या दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर राहिले तर आणखी ५०० रुपये मिळतात. निरोध आणि गोळ्या घरपोच देण्याचे कामही तिचेच. ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळी ही गर्भनिरोधके २०१७ पासून सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पण सतरा वर्षांच्या सुनेच्या हातात गोळीचे पाकीट द्यायचे तर आधी सासूशी बोलावे लागते. त्या बोलण्याचा वेगळा मोबदला कुठल्याही यादीत नाही.

वयाची अडचण

मुलगी गरोदर राहिल्यावर मात्र योजनांची रांग लागते: प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, जननी सुरक्षा योजना, आदिवासी भागात मातृत्व अनुदान योजनेचे ४०० रुपये रोख आणि ४०० रुपयांची औषधे, अमृत आहार योजनेतील रोजचे गरम जेवण. यांतल्या मातृवंदना योजनेला वयाची अट आहे. अर्जदार किमान १८ वर्षे ७ महिन्यांची असावी लागते. अट योग्यच आहे; बालविवाहाला सरकारने पैसे देऊ नयेत. परंतु उपकेंद्रातल्या टेबलावर तिचा परिणाम काय होतो तेही पाहायला हवे.

नर्सताई माता-बाल संरक्षण कार्ड भरायला घेते. ‘वय?’ मुलगी सासूकडे पाहते. सासू म्हणते, ‘एकोणीस.’ आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी. शाळेच्या दाखल्यावर १ जून, म्हणजे गुरुजींनी पहिलीत नाव घालताना लिहिलेली. दोन्ही कागदांत तीन वर्षांचा फरक. नर्सताईने सोळा लिहिले तर पोक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे तिला बंधनकारक ठरते, आणि मग नवरा, सासरा, कधी मुलीचा बापही गुन्ह्यात अडकतो. एकोणीस लिहिले तर ती मुलगी अल्पवयीन माता म्हणून कुठल्याच आकड्यात दिसत नाही, आणि जोखमीची माता म्हणून तिची वेगळी काळजीही घेतली जात नाही. तिसरा मार्ग कुटुंब स्वतः शोधते. नाव नोंदवतच नाहीत, बाळंतपण पाड्यावर नाहीतर गुजरातेत उरकतात. पुढच्या वर्षी कोणत्या तालुक्याला किती पैसा द्यायचा हे याच नोंदवहीतून ठरते. लपवलेले प्रत्येक वय त्या तालुक्याचे अनुदान कमी करत राहते.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात या कोंडीतून थोडी वाट काढली. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. गर्भपात कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची कायदेशीर सोयही आहे. खेड्यात हे फारसे कोणाला ठाऊक नाही. ते पोहोचवण्यासाठी लागणारा खर्च एखाद्या प्रशिक्षणाच्या चहा-नाश्त्याहून जास्त नाही.

ज्या पैशावर हे नाव नसते

मुलगी शाळेत टिकली की लग्न पुढे जाते, हे खानदेशात कोणीही आजी सांगेल. त्यामुळे ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मिळणारा एसटीचा मोफत पास, मानव विकास कार्यक्रमातून धावणाऱ्या निळ्या बसगाड्या, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये, आदिवासी विकास खात्याच्या आश्रमशाळा आणि वसतिगृहे यांवरचा खर्च हाच खरे तर सर्वांत मोठा प्रतिबंधक खर्च मानायला हवा. कोणत्याही आरोग्य आढावा बैठकीत तो तसा मोजला जात नाही. निळी गाडी आठ दिवस बंद पडली तर सातवी-आठवीच्या मुली घरी बसतात, आणि घरी बसलेल्या मुलीची लग्नासाठी चौकशी लगेच सुरू होते. राज्याची ‘लेक लाडकी’ योजनाही (२०२३) याच विचाराची. १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या, पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेच्या घरातील मुलीला टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये मिळतात आणि त्यांतले ७५,००० तिने अठरा पूर्ण केल्यावर. तिचे फळ दिसायला २०४१ उजाडेल.

स्थानिक पैसाही आहे. जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. सायकली, शिवणयंत्रे, कराटे प्रशिक्षण यांवर तो बहुधा जातो. सायकल हा त्यातला सर्वांत उपयोगी भाग.

अन्य देशांतील रीत

अमेरिकेत २०१० पासून ‘किशोरवयीन गर्भधारणा प्रतिबंध’ याच नावाचा केंद्रीय अनुदान कार्यक्रम आहे. वर्षाला सुमारे दहा कोटी डॉलर, संस्थांमध्ये स्पर्धा, साधारण पाच वर्षांची मंजुरी. मोठा वाटा आधीच कसोटीला उतरलेल्या अभ्यासक्रमांना, लहान वाटा नवे प्रयोग तपासून पाहायला. २०१७ मध्ये तिथल्या सरकारने ८१ संस्थांची अनुदाने मुदतीआधी थांबवण्याचे पत्र दिले. संस्था न्यायालयात गेल्या आणि २०१८ मध्ये अनेक निकाल त्यांच्या बाजूने लागले. १५ ते १९ वयोगटातील हजार मुलींमागे १९९१ मध्ये ६१.८ जन्म होत. २०२२ मध्ये हा आकडा १४ च्या खाली आला. ही घसरण कार्यक्रमाच्या कितीतरी आधीपासून चालू होती आणि गर्भनिरोधकांचा वाढता वापर हे तिचे मोठे कारण मानले जाते. तिथला प्रश्न बहुतांशी लग्नाबाहेरच्या गर्भधारणेचा, त्यामुळे अभ्यासक्रम जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. घेण्याजोगी एक गोष्ट आहे: पैसा देतानाच काय मोजायचे ते ठरवणे. आपल्याकडे किती मेळावे झाले, किती गोळ्या वाटल्या हे कळवले जाते. किती मुलींचे पहिले बाळंतपण विशीच्या पुढे गेले, हा रकाना अहवालात क्वचितच असतो.

आखाजीचा काळ

खानदेशाचा सर्वांत मोठा सण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. माहेरवाशिणी येतात, गौराई बसते, झाडांना झोके बांधले जातात, सालदारांची वर्षे ठरतात. साडेतीन मुहूर्तांपैकी एक असल्याने लग्नेही त्याच दिवसांत लागतात. ऊसतोडीचे फड मार्च-एप्रिलपर्यंत उठलेले असतात, हातात थोडा पैसा असतो, शाळा सुटलेल्या असतात. सरकारी वर्ष मात्र ३१ मार्चला संपते. जुना निधी परत गेलेला किंवा घाईने खर्ची टाकलेला असतो, आणि नव्या वर्षाचा पावसाळ्याच्या आसपास खाली उतरतो. साथियांच्या बैठका थांबतात, समुपदेशकाच्या फिरतीचा खर्च निघत नाही. वर्षातल्या सर्वाधिक जोखमीच्या आठ आठवड्यांत प्रतिबंधाची तिजोरी रिकामी असते.

या काळात उरतात ती माणसे. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) असतो, सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते, १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक असतो. नंदुरबार पोलिसांनी २०२३ मध्ये बालविवाह रोखण्यासाठी ‘ऑपरेशन अक्षता’ सुरू करून गावोगाव समित्या नेमल्या, त्याही याच दिवसांत कामाला लागतात. लग्नपत्रिका छापणारा, मंडपवाला, बँडवाला, भटजी यांनाही २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याची जाणीव करून दिली जाते, कारण लग्न लावणारा आणि त्याला हातभार लावणारा दोघेही त्यात दोषी ठरतात.

पेसा गावांकडे, म्हणजे ग्रामसभेला विशेष अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या आदिवासी गावांकडे, मात्र एक वेगळी वाट आहे. आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून २०१५ पासून पैसा थेट ग्रामपंचायतीला मिळतो, आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. आरोग्य आणि शिक्षण या बाबी त्यात बसतात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव झाला, तर एप्रिल-मे महिन्यांत मुलींसाठी उन्हाळी वर्ग चालवणे, ऊसतोडीहून परतलेल्या मुलींना पुन्हा शाळेत बसवणे किंवा बारावीच्या अर्जासाठी तालुक्याला जायला गाडी लावणे, हे सगळे त्या पैशातून करता येते. ठराव लिहिताना विषयपत्रिकेवर रस्ता आणि सभामंडपाबरोबर ही एक ओळ घालावी लागते.