घर्षण, कोरडे

घर्षण, कोरडे : स्नानापूर्वी तेल, पाणी किंवा साबण न लावता ताठ केसांच्या ब्रशाने अथवा खरखरीत कापडाने अंग घासण्याची क्रिया. हात तळपायापासून वर, हृदयाच्या दिशेने ओढतात, चेहरा वगळतात.

हिचा उगम आयुर्वेदात सांगितला जातो, परंतु त्यात चूर्णाने चोळणे व ब्रशाने घासणे या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली दिसते. सुश्रुतसंहितेत (चिकित्सास्थान, अध्याय २४) उद्वर्तन (अंगाला चूर्ण वा उटणे चोळणे), उत्सादन व उद्घर्षण या तीन संज्ञा येतात. टीकाकार डल्हण (सुमारे बारावे शतक) उत्सादन सस्नेह (तेल-तुपासह), तर उद्घर्षण स्नेहरहित चूर्णाने करावयाचे मानतो. तेथेच विटेने अंग घासण्याचाही उल्लेख असून तो खाज व अंगावर उठणाऱ्या गांधींवरचा उपाय आहे. उद्वर्तनाला सुश्रुत वातहर म्हणतो, अष्टांगहृदयाचा कर्ता वाग्भट कफहर. पंचकर्मात आज वाग्भटाचेच मत अधिक चालते व स्थौल्यासाठी कुळीथ, त्रिफळा यांचे चूर्ण लोमांच्या उलट दिशेने चोळतात. हातापायांवरील लव खाली वळलेली असल्याने ही दिशा आपोआप हृदयाकडची ठरते. साम्य एवढेच. या संदर्भांत ब्रश नाही, रेशमी हातमोजाही नाही. अशा हातमोजाने अंग घासण्याला प्रचलित असलेले ‘गर्षण’ हे नाव म्हणजे रोमन लिपीतून फिरून आलेले घर्षणच असावे. ग्रीक-रोमन स्ट्रिजिलला (अंग खरवडण्याच्या वाकड्या पट्टीला) पूर्वज मानणे तर सयुक्तिक नाही, कारण त्याने तेल लावलेले अंग खरवडत. ब्रशाची रीत बव्हेरियातील धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप (१८२१–९७) यांच्या नावाने चालणाऱ्या निसर्गोपचारातून पसरली, हे मत अधिक संभाव्य वाटते.

मराठी ‘उटणे’ हा शब्द उद्वर्तनापासूनच आला आहे. मात्र नागपूरच्या घरांत नरकचतुर्दशीला उटणे लावतात ते तेल लावून, म्हणजे डल्हणाच्या परिभाषेत ते उत्सादनाकडे झुकते. निव्वळ कोरडे घासणे येथे टाचांपुरते, वजरीने. घोसाळ्याची वाळलेली जाळी वापरतात तीही ओली करून. थंडीत येथील कोरड्या हवेने अंग उलते, नडगीवर नख ओढले की पांढरी रेघ उमटते. ब्रशाने हा कोंडा झडतो, पण वर लगेच तेल न लावल्यास कातडी आणखी ताणते. नवतपात (मेअखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) अंगावर घामोळ्या असताना ब्रश फिरवू नये.

त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या शृंगस्तरातील मृत पेशी घासण्याने निघतात व रक्तप्रवाह वाढून त्वचा काही वेळ लाल दिसते, एवढे निश्चित. विषद्रव्ये बाहेर पडतात किंवा मांड्यांवरील खळगे कायमचे जातात, या दाव्यांना भक्कम पुरावा नाही. उलट, अतिघर्षणाचा एक दुष्परिणाम भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचा आहे : नायलॉनच्या घासणीने वर्षानुवर्षे अंग रगडणाऱ्यांच्या गळपट्टीच्या हाडावर, खांद्याच्या फऱ्यावर व नडगीवर, म्हणजे जेथे कातडीखाली लगेच हाड लागते तेथे, तपकिरी-काळे पट्टे उमटतात. पुष्कळदा हा मळच समजून माणूस आणखी जोराने घासतो आणि डाग गडद होतो. घासणी सोडल्यावर तो फिकटतो, पण सावकाश. सोरायसिस, लायकेन प्लॅनस (खाजऱ्या, जांभळट पुळ्यांचा त्वचारोग) व कोड यांत खरचटलेल्या जागीच नवा चट्टा उठू शकतो. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हाइन्रिख क्योबनर यांनी एकोणिसाव्या शतकात वर्णिलेली ही घटना त्यांच्याच नावाने ओळखली जाते. इसब, जखम व फुगलेल्या शिरा यांवरही ब्रश वर्ज्य. तो प्रत्येकाचा वेगळा असावा आणि धुतल्यावर केस खाली करून वाळवावा.