‘मी वर्ण पाहत नाही’ म्हणण्याची किंमत

टेबलावर अनेक माणसांची छायाचित्रे मांडलेली आहेत. समोरच्याने मनात धरलेले छायाचित्र केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येईल अशा कमीत कमी प्रश्नांत ओळखायचे आहे. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा खेळ मुलांना दिला गेला. तेव्हा दहा-अकरा वर्षांची मुले आठ-नऊ वर्षांच्या मुलांपेक्षा मागे पडली, कारण ‘ती व्यक्ती कृष्णवर्णीय आहे का?’ हा सर्वांत उपयोगी प्रश्न विचारणे ती टाळत होती. वर्णाचा उल्लेख करणे वाईट असते, हे तोवर ती शिकली होती. प्रौढांवरील अशाच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली: पक्षपाती वाटू नये म्हणून वर्णाचा उल्लेख टाळणारी गौरवर्णीय माणसे कृष्णवर्णीय निरीक्षकांना उलट अधिक पूर्वग्रहदूषित वाटली.

‘मी वर्ण पाहत नाही’ म्हणणाऱ्या, कार्यालयातल्या वरिष्ठाचे नेमके असेच होते. त्याच्या मौनामागे सहसा सद्हेतूच असतो, पण हाताखालच्या माणसाला तो हेतू ऐकू येत नाही. अमेरिकेतील एका संस्थेच्या १८ विभागांतील सुमारे ४,००० कर्मचाऱ्यांच्या पाहणीत, जिथे गौरवर्णीय सहकारी भिन्नतेची मोकळेपणाने दखल घेत होते, तिथे अल्पसंख्य कर्मचारी कामात अधिक समरस झालेले आढळले. जिथे ‘आम्ही सगळ्यांना सारखेच मानतो’ यावर भर होता, तिथे त्यांना पक्षपात अधिक जाणवत होता. अर्थात अशा पाहणीतून संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

मग दखल घ्यायची ती कशाची? क्षमतेतल्या फरकाची नक्कीच नव्हे. मानवी जनुकीय वैविध्यापैकी सुमारे ८५ टक्के वैविध्य एकेका लोकसमूहाच्या आतच असते, हे जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ मध्येच दाखवले होते. फरक आहे तो वाट्याला येणाऱ्या वागणुकीत. बॉस्टन आणि शिकागो येथील नोकरीच्या जाहिरातींना संशोधकांनी सुमारे ५,००० काल्पनिक अर्ज पाठवले, तेव्हा गौरवर्णीय वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली. हे उघड झाले, कारण कोणीतरी नावांनुसार मोजणी केली. भरती, बढती आणि राजीनामे यांची वंशनिहाय नोंदच न ठेवणाऱ्या प्रमुखाला असा फरक स्वतःच्या संस्थेत असला तरी दिसणार नाही. बैठकीतल्या एकुलत्या एका कृष्णवर्णीय सहकाऱ्याला ‘तुम्हा लोकांना काय वाटते?’ असे विचारून मात्र ही उणीव भरून निघत नाही. तो स्वतःपुरते सांगू शकतो. मोजणी प्रमुखालाच करावी लागते.