कायनेसिन

कायनेसिन हे पेशीतील एक मोटर प्रथिन असून एटीपी या रेणूतील रासायनिक ऊर्जा वापरून ते सूक्ष्मनलिका या पेशीतील प्रथिनांच्या बारीक नळ्यांवरून चालते आणि पुटिका (पेशीतील सूक्ष्म पिशव्या), तंतुकणिका असा माल वाहून नेते. १९८५ मध्ये रॉन व्हेल, थॉमस रीस आणि मायकेल शीट्झ यांनी माकूळ या सागरी प्राण्याच्या चेतापेशींतून ते वेगळे केले. निवड योग्यच होती, कारण चेतापेशीच्या अक्षतंतू या लांबलचक धाग्यात केवळ विसरणाने माल पोहोचण्यास वर्षानुवर्षे लागली असती.

सूक्ष्मनलिका सुमारे २५ नॅनोमीटर जाडीची असते. अल्फा आणि बीटा ट्युब्युलिन या प्रथिनांच्या ८ नॅनोमीटर लांबीच्या जोड्या एकाच दिशेने रचल्या गेल्याने तिला धन आणि ऋण अशी भिन्न टोके असतात. नेहमीचे कायनेसिन धन टोकाकडे, म्हणजे बहुधा पेशीच्या परिघाकडे जाते.

या प्रथिनाला दोन शीर्षे असतात. नलिकेला घट्ट चिकटलेल्या पुढच्या शीर्षात एटीपी शिरला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि मानेजवळचा, जेमतेम १५ अमिनो आम्लांचा पट्टा पुढच्या दिशेने शीर्षावर चिकटून बसतो. त्यामुळे एडीपी (एटीपीच्या विघटनानंतर उरणारा रेणू) धरून असलेले मागचे शीर्ष पुढे फेकले जाते; मात्र नेमकी पुढची जागा त्याला भोवतालच्या रेणूंच्या औष्णिक धडकांतच हेलकावत शोधावी लागते. जागा सापडताच ते एडीपी सोडून घट्ट बसते. दरम्यान, आता मागे पडलेल्या शीर्षातील एटीपीचे विघटन होऊन फॉस्फेट बाहेर पडते आणि त्याची पकड सुटते. म्हणून या क्रियेला निव्वळ तरफेच्या यंत्राप्रमाणे मानणे अपुरे आहे: येथे हालचालीचा मोठा भाग यादृच्छिक हालचालींना एकाच दिशेला वाट करून देण्यातून येतो. एक शीर्ष नेहमी चिकटलेले राहत असल्याने सुटून पडण्यापूर्वी साधारण शंभर पावले पडतात.

१९९३ मध्ये लेसर चिमट्याने, म्हणजे केंद्रित लेसर किरणाने, सूक्ष्म मणी धरून ८ नॅनोमीटरचे पाऊल प्रत्यक्ष मोजले गेले. सुमारे ६ ते ७ पिकोन्यूटन (एक पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा लाख कोटीवा भाग) विरोधी बलाखाली कायनेसिन थबकते. त्या स्थितीजवळ एका पावलाचे कार्य सुमारे ५० पिकोन्यूटन-नॅनोमीटर भरते, तर एका एटीपीपासून पेशीत ८० ते १०० मिळतात. कार्यक्षमता निम्म्याच्या आसपास जाते.

उलट दिशेची वाहतूक डायनीन हे दुसरे मोटर प्रथिन करते. त्याची रचना अगदी निराळी, सहा घटकांच्या कड्याची असते आणि काही प्रयोगांत एकट्या डायनीनचे बल १ ते २ पिकोन्यूटनच आढळले आहे. ही उणीव संख्येने भरून निघते: मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले की अनेक डायनीन एकत्र ओढतात तेव्हा भार वाढताच पुढची डायनीन पावले आखडती घेतात, मागची त्यांना गाठतात आणि भार सर्वांत वाटला जातो.