धातूच्या लघुपुतळ्यांची कापणी व रूपांतर : अल्पखर्चातील साधने

कथील, शिसे व अँटिमनी यांच्या मिश्रधातूत ओतलेल्या, बहुधा २८ मिमी. मापाच्या पुतळ्यांचे हात, शिर किंवा शस्त्र कापून व बदलून नवी आकृती घडवण्याच्या हस्तकौशल्यास रूपांतर म्हणतात. पटावरील युद्धखेळ खेळणारे आणि ऐतिहासिक देखावे रचणारे लोक हे काम करतात. १९९० च्या दशकापासून अनेक उत्पादकांनी विषारी शिसे वगळले असले, तरी जुन्या पुतळ्यात ते आहे असे धरूनच हत्यार हाती घ्यावे.

हा धातू मऊ असल्याने त्याला जोर लागत नाही. लागतो तो नेमकेपणा. पक्कडीसारख्या कटरने मनगट तोडले, तर धातू दोन्ही बाजूंनी चेपतो आणि बाहीच्या चुण्या, बोटे असे बारीक काम नाहीसे होते. साध्या हॅकसॉच्या पात्याला इंचाला २४ दाते, म्हणजे दोन दातांत सुमारे एक मिलिमीटर अंतर असते. दोन मिलिमीटर जाडीच्या मनगटात असे पाते अडकते आणि हात मुरगळतो. म्हणूनच सोनाराची चौकटीची करवत हे या कामातील मुख्य हत्यार होय. तिचे २/० क्रमांकाचे पाते जेमतेम पाव मिलिमीटर जाड असते, त्यामुळे कापलेला हात दुसऱ्या पुतळ्याला लावण्याजोगा शाबूत राहतो. पाते बसवताना दाते मुठीकडे वळलेले असावेत, कारण काप खाली ओढताना होतो. पात्याला मेण चोळावे आणि करवत न दाबता तिच्या वजनानेच चालू द्यावी. पाती मोडतातच, आणि नवशिक्याची अधिक मोडतात, तेव्हा ती डझनाने घेणे बरे.

सोलापुरात ही साधने छंदवस्तूंच्या दुकानापेक्षा पूर्व मंगळवार पेठेच्या सराफ बाजारात, सोनारांना हत्यारे पुरवणाऱ्यांकडे शोधावीत. तेथे मागण्यासारख्या इतर वस्तू म्हणजे बारीक कानशींचा संच, हाताने फिरवायचे छोटे ड्रिल आणि ०.८ मिमी.च्या आसपासची टोके. मऊ धातूचा कीस कानशीच्या दात्यांत चटकन भरतो, म्हणून तिच्यावर आधी खडू घासावा व नंतर पितळी ब्रशने ती साफ करावी. विजेवर फिरणारे यंत्र सुरुवातीला घेऊ नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते: त्याच्या वेगाने धातू तापून लिबलिबीत होतो आणि भुकटी खोलीभर उडते.

जोडणीचे मर्म खिळीत आहे. झटपट चिकटणारा गोंद ताण सोसतो, पण आडवा धक्का लागला की सुटतो. म्हणून दोन्ही तुकड्यांत समोरासमोर भोके पाडून कागदाच्या क्लिपची किंवा पितळेची तार आत बसवतात आणि मग गोंद लावतात. डाख देण्याचा मोह टाळावा. कथील २३२° से. ला वितळते, शिशासह त्याचा मिश्रधातू १८३° से. लाही वितळू शकतो, आणि साधी सोल्डरिंगची इस्त्री याहून कितीतरी तापते.

युरोपीय बंदूकधाऱ्याचा मावळा करणे हे आपल्याकडे विशेष रुचणारे रूपांतर. टोपी कापून डोके कानशीने गोल करतात, एम-सीलसारख्या इपॉक्सी लांबीचे (मळून घट्ट होणाऱ्या पुटीचे) पातळ वेटोळे देऊन पागोटे घडवतात आणि ओल्या सुईने त्याचे पीळ उठवतात. यंत्रमागांच्या या शहरात जुन्या फणीतील चपटी पोलादी काडी मिळाली, तर घासून तिची तलवार करता येते. उन्हाळ्यात लांबी लवकर घट्ट होते, म्हणून ती वाटाण्याएवढीच मळावी.

कानस चालवताना पंखा बंद ठेवावा लागतो. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो त्या दिवसांत हे जड जाते, तेव्हा पहाटेची वेळ सोयीची. तोंडाला मास्क बांधावा, खाली वर्तमानपत्र पसरावे, कीस झाडूने न झाडता ओल्या फडक्याने टिपावा आणि साबणाने हात धुतल्याखेरीज चहाच्या कपालाही हात लावू नये. स्वयंपाकाच्या ओट्यावर व लहान मुलांजवळ हे काम करू नये.