गाडीची बैठक आणि ११२ मिलिमीटरचं कोडं

तीन आकडे घ्या: ३६, २३.३ आणि १०.६. जुन्या पोर्शे ९११ या जर्मन स्पोर्ट्स कारवर जीव असलेल्या माणसाला हे आकडे लहानपणच्या लँडलाइन नंबरासारखे पाठ असतात. त्या गाडीच्या ६, ७ आणि ८ इंच रुंदीच्या चाकांचे हे ऑफसेट, मिलिमीटरमध्ये. ३६ ठीक आहे, पण २३.३? जर्मन माणूस असा विचित्र आकडा उगाच काढत नाही, एवढंच तेव्हा मनात आलं होतं.

ऑफसेट म्हणजे काय ते आधी पाहू. चाक उभं धरा आणि त्याच्या रुंदीचा बरोबर मध्य काढा. चाक हबला, म्हणजे आसाच्या टोकाच्या तबकडीला, जिथे टेकतं, ज्या सपाटीवर आपण नट आवळतो, ती जागा या मध्यापासून बाहेरच्या अंगाला जितकी सरकलेली, तितका ऑफसेट. तो जास्त असेल तर चाक गाडीच्या पोटात शिरतं, कमी असेल तर बाहेर डोकावतं.

आता पाटी-पेन्सिल घ्या. ६ इंच म्हणजे १५२.४ मिलिमीटर, त्याचे निम्मे ७६.२. त्यात ३६ मिळवा: ११२.२. हबच्या सपाटीपासून चाकाची आतली कड इतकी लांब. ७ इंचांचे निम्मे ८८.९, अधिक २३.३: पुन्हा ११२.२. ८ इंचांचे निम्मे १०१.६, अधिक १०.६: तेच, ११२.२!

म्हणजे चाक कितीही रुंद झालं तरी आतली कड केसभरही हललेली नाही. आत सस्पेन्शनच्या भुजा, शॉकॲब्सॉर्बर, बॉडीचा पत्रा असा सगळा संसार दाटीने मांडलेला. तिकडे वाढायला जागाच नव्हती. म्हणून वाढलेला प्रत्येक इंच सगळाच्या सगळा बाहेर काढला. एक इंच बाहेर वाढवला की चाकाचा मध्य अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर बाहेर सरकतो. ३६ मधून १२.७ गेले की २३.३, त्यातून पुन्हा १२.७ गेले की १०.६. कोडं सुटलं. आणि बाहेर आलेल्या चाकाला झाकायचं तर मडगार्ड फुगवणं आलं. १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ या ९११ च्याच आवृत्तीची बॉडी मागच्या चाकांपाशी ४२ मिलिमीटर रुंद केली होती ती यासाठीच. तो भरदार मागचा भाग लोकांना आज सौंदर्य म्हणून दिसतो, पण मुळात ती जागेची अडचण आहे.

सुरुवातीला ही गाडी अगदीच किडकिडीत पायांची होती. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली. पुढे विक्रीला आलेल्या गाड्यांना १५ इंच व्यासाची आणि जेमतेम साडेचार इंच रुंदीची पोलादी चाकं होती, त्यावर १६५ मिलिमीटर रुंदीचे टायर. इंजिन मागच्या आसाच्याही मागे लटकलेलं, त्यामुळे वळणावर घाबरून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की मागचं अंग पुढे यायला बघायचं. पुढच्या टोकाला वजन हवं म्हणून काही काळ पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत बिडाचे ठोकळे बसवले जात. इतक्या देखण्या गाडीत बिडाचे ठोकळे! १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे नेऊन व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर, २२११ वरून २२६८ केला, तेव्हा कुठे हा तोल बराचसा सावरला.

मधल्या काळात, १९६६ साली, ९११ एस बरोबर ते प्रसिद्ध पाच पाकळ्यांचं चाक आलं. आकार पोर्शेच्या हाइन्रिश क्ली यांचा, घडवणारे जर्मनीतल्या माइनरत्सहागेनचे ओटो फुक्स. ‘घडवणारे’ हा शब्द मुद्दाम वापरला. आपण ज्यांना सरसकट मॅगव्हील म्हणतो ती बहुतेक ओतीव असतात: वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतायचं, थंड व्हायची वाट पाहायची. ओतकामात बारीक पोकळ्या राहू शकतात, म्हणून धातू जाड ठेवावा लागतो. फुक्सचं चाक घडीव. तापवलेला गोळा प्रचंड दाबाखाली साच्यात दाबून काढलेला, त्यामुळे धातूचे कण आकाराच्या वळणाने लांबट होतात आणि पोकळ्या मिटतात. तेवढ्याच ताकदीला धातू कमी लागतो. चाक हलकं झालं की खड्ड्यातून वर उडाल्यावर स्प्रिंग त्याला चटकन खाली रस्त्यावर आणते, आणि टायर रस्त्यावर असेल तेवढाच वेळ त्याची पकड उपयोगाची.

आरएसला पुढे ६ आणि मागे ७ इंचांची चाकं दिली. रस्त्यावरच्या ९११ ला पुढे-मागे वेगळी रुंदी ही पहिल्यांदाच. वजन मागे, म्हणून जास्त रबर मागे, हे तर खरंच. पण पुढचं चाक बाहेर न काढण्याला आणखी एक फायदा आहे, आणि तो घरात उभ्याउभ्या समजतो. दाराला बिजागरीजवळ बोटाने ढकलून पाहा, हलत नाही. कडीजवळ ढकला, सहज फिरतं. पुढचं चाकही एका कललेल्या, न दिसणाऱ्या बिजागरीभोवती वळत असतं. ही बिजागरीची रेषा खाली वाढवली की जमिनीला एका बिंदूत टेकते. तिथपासून टायरच्या ठशाच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. डिझाइन करणाऱ्याने ते मोजून ठरवलेलं असतं. चाक बाहेर काढलं की ठसा बिजागरीपासून लांब जातो, आणि मग रस्त्यातला प्रत्येक खड्डा दाराच्या कडीजवळ ढकलल्यासारखा स्टेअरिंगला हिसका देतो. एका बाजूचं चाक ओल्या वाळूवर आणि दुसरं कोरड्या डांबरावर असताना ब्रेक दाबला तर गाडी खेचते ती वेगळीच.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने हौसेने आपल्या छोट्या गाडीला स्पेसर, म्हणजे हब आणि चाकामध्ये बसणाऱ्या जाड चकत्या, टाकून चाकं बाहेर काढली होती. गाडी दिसायची झकास. वर्षाच्या आत पुढून चक्कीसारखी घरघर येऊ लागली. बेअरिंग गेलं होतं. ओझं तेवढंच, फक्त तरफ लांब झालेली.

चाकांइतकीच महत्त्वाची गाडीची उंची. मला यात ९११ च्या कारखान्याची मोजायची पद्धत फार आवडते. सामान्य माणूस मडगार्डपासून टायरपर्यंत बोटं घालून बघतो, ‘तीन बोटं गॅप आहे’ वगैरे. कारखान्याचं मॅन्युअल तसं करत नाही. पुढच्या बाजूला ते म्हणतं: टॉर्शन बारच्या मध्यापासून चाकाचा मध्य १०८ मिलिमीटर वर हवा, फरक ५ पेक्षा जास्त नको. टायर झिजला, नवा घातला, हवा कमी असली तरी हा आकडा तोच राहतो, कारण तो टायर मोजतच नाही. तो भुजांचा कोन मोजतो.

टॉर्शन बार म्हणजे पोलादाची पिळली जाणारी दांडी. जुन्या ९११ ला गुंडाळीची स्प्रिंग नाहीच. चाक वर गेलं की ही दांडी ओल्या चादरीसारखी पिळली जाते आणि उलटी उसळते. मागच्या दांडीच्या दोन्ही टोकांना दाते असतात, आतल्या टोकाला ४० आणि बाहेरच्या टोकाला ४४. आतलं टोक एक दाता फिरवलं की ९ अंश फिरतं, बाहेरचं ८.१८ अंश. एक दाता इकडे, एक दाता उलटीकडे, की निव्वळ फरक ०.८२ अंशांचा. अकरावीच्या प्रॅक्टिकलला ज्या व्हर्निअर कॅलिपरने आपला जीव खाल्ला, तेच तत्त्व इथे सबंध गाडी उचलून धरतंय. दोन जाडजूड दातेरी टोकं आणि त्यातून एका अंशाहून बारीक जुळवणी!

आता कुणी म्हणेल, गाडी आणखी खाली बसवली तर गुरुत्वमध्य खाली येईल, मग वळणावर ती कमीच कलेल. पुढच्या बाजूला याच्या बरोबर उलटंही घडू शकतं. वळणावर गाडीचा पुढचा भाग ज्या बिंदूभोवती कलतो, तो बिंदू सस्पेन्शनच्या खालच्या भुजांच्या कोनावरून ठरतो. मॅकफर्सन पद्धतीच्या स्ट्रटमध्ये, म्हणजे उभा शॉकॲब्सॉर्बरच चाकाला वरून धरतो अशा सस्पेन्शनमध्ये, गाडी एक इंच खाली घेतली तर गुरुत्वमध्य एकच इंच उतरतो, पण हा बिंदू त्याहून बराच जास्त उतरतो. दोघांतलं अंतर वाढतं, तरफ लांब होते, आणि गाडी आधीपेक्षा जास्त कलायला लागते. शिवाय स्टेअरिंगचे दांडे आणि या भुजा वेगवेगळ्या कमानीत फिरू लागतात, म्हणजे खड्ड्यात चाक आपलं आपण थोडं वळतं. म्हणून रेसवाले गाडी खाली घेताना हबची जागा वर सरकवतात आणि स्टेअरिंग रॅकखाली पट्ट्या देतात. नुसती खाली घेऊन भागत नाही.

इथवर वाचून वाटेल, मग कारखान्यातून आली तशीच गाडी बरोबर. पण इथे एक गोम आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेने बंपरचे कडक नियम आणले. १९७४ च्या मॉडेलपासून ताशी ५ मैलांची धडक सोसणारे बंपर पुढे-मागे हवे, तेही ठरलेल्या उंचीवर. त्या गडबडीत ब्रिटनच्या ॲबिंग्डनमधली एमजीबी सापडली. १९६२ पासून विकली जाणारी, जमिनीलगत बसलेली टुमदार दोन सीटर. नव्याने डिझाइन करायला पैसा नव्हता, म्हणून तिला रबराचे काळे बंपर लावले आणि चक्क एक-दीड इंच उचललं. वर खर्च वाचवायला पुढचा अँटी-रोल बारही, म्हणजे वळणावर गाडीचं कलणं रोखणारी आडवी दांडी, काढला. वळणावर ती होडीसारखी झुलायला लागली. १९७७ च्या मॉडेलला पुढे-मागे दोन्हीकडे बार बसवले, तेव्हा जरा सावरली. १९७५ ची एमजीबी कारखान्यातून आली तशी ठेवणारा माणूस वाहनशास्त्र जपत नसतो, बंपरचा कायदा जपत असतो. तेही जपावं, माझी तक्रार नाही, पण दोन्ही एकच नव्हेत.

९११ लाही हा फटका बसला. अमेरिकेला जाणाऱ्या गाड्या युरोपातल्या गाड्यांपेक्षा उंच ठेवल्या जात. सुदैवाने तिथे भुजा त्याच, दांड्याही त्याच, दातेही तेच. मागे ४० आणि ४४ दात्यांचं गणित मांडायचं, पुढे एक स्क्रू फिरवायचा, की गाडी खाली. प्रदर्शनातला एखादा काटेकोर परीक्षक अशा उतरवलेल्या अमेरिकन गाडीचे गुण कापेलही. मला विचाराल तर मी खाली वाकून आधी टॉर्शन बारपासून चाकाच्या मध्यापर्यंत पट्टी लावेन, आणि १०८ आले तर गुपचूप पूर्ण गुण देईन.